सूत्राचे अक्षर आणि शिवेवरचा भिक्षू

रावेरहून बऱ्हाणपूरकडे जाणारी सडक चोरवडपाशी महाराष्ट्राची शीव ओलांडून मध्य प्रदेशात शिरते. उत्तरेस सातपुड्याची रांग, दक्षिणेस तापी, आणि मधल्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात शिवेच्या दोन्ही अंगांस सारखीच केळी. पहाटे रावेर सोडून पायी निघालेला भिक्षू दिवस मावळण्यापूर्वी बऱ्हाणपुरात पोचू शकतो. वाटेत कोठेतरी हद्दीची पाटी लागते. ती पाटी मागे टाकताना त्याने सर्वज्ञांची आज्ञा मोडली काय, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. श्रीचक्रधरस्वामींनी आपल्या अनुसरलेल्या जनांस महाराष्ट्रात वास करण्याची आज्ञा केली, हे परमार्गातील लहान मुलासही ठाऊक असते. आज्ञेचे अक्षर स्पष्ट आहे, पाटीवरचे अक्षरही स्पष्ट आहे. तरी या दोन अक्षरांचा मेळ घालू गेल्यास प्राचीन आचारनियम आजच्या जीवनात जसेच्या तसे कसे पाळावेत, हा सगळा प्रश्नच उभा राहतो.

प्रथम पाटीचाच विचार करावा. ती शीव फार जुनी नाही. इंग्रजी अमलात रावेर हे मुंबई इलाख्यातील खानदेश जिल्ह्यात होते. १९०६ मध्ये त्या जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले तेव्हा ते पूर्व खानदेशात आले. बऱ्हाणपूर मध्यप्रांताच्या निमाड जिल्ह्यात होते. पुढे १९५६ ची राज्यपुनर्रचना झाली, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, आणि जुनीच इलाख्याची रेषा नव्या नावाने राज्याची रेषा झाली. सर्वज्ञांच्या काळी देवगिरीला यादव राज्य करीत होते. त्यांच्या मुखातून निघालेल्या महाराष्ट्र या शब्दाला मोजणी खात्याची ही रेषा ठाऊक असणे शक्य नव्हते. म्हणून जो साधक चोरवडच्या पाटीपाशी थबकतो आणि आपण अक्षर पाळले असे मानतो, तो वस्तुतः अक्षरात नवीनच अर्थ घालतो. जुन्या शब्दाला नव्या सरकारी व्याख्येचे कुंपण घालणे ही एक प्रकारची सुधारणाच आहे. मात्र ती करणाऱ्यास आपण सनातन आहोत असे वाटत राहते.

भाष्यकारांनी या शब्दाचे मोजमाप निराळ्या रीतीने केले आहे. ज्या ज्या प्रदेशात मराठी भाषा चालते तो तो प्रदेश, असा भाषेच्या अंगाने त्यांनी देश सांगितला आणि त्यापुढे जाऊन तो निर्दोष, सात्त्विक, धर्मास अनुकूल असा गुणांच्या अंगानेही सांगितला. या मापाने पाहिले तर शिवेपलीकडच्या खेड्यात झोळी घेऊन उभ्या राहिलेल्या भिक्षूला भिक्षा वाढणारी माउली मराठीत बोलते तोवर त्याचे पाऊल देशातच आहे. परंतु हेही माप पूर्ण पुरत नाही. परमार्गाचे काही भिक्षू काही शतकांपूर्वी पंजाबात गेले, तेथून पेशावर-काबूलपर्यंत जय कृष्णी या नावाने मार्ग पसरला. १९४७ च्या फाळणीनंतर तिकडील पुष्कळ वासनिक कुटुंबे पंजाब, हरियाणा, दिल्ली या भागांत येऊन वसली. तो प्रदेश कोणत्याही मापाने महाराष्ट्र नव्हे. मग त्या भिक्षूंनी आज्ञाभंग केला असे म्हणावयाचे काय? एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे की, त्यांनी ग्रंथ मराठीच ठेवले. पंजाबी घरात जन्मलेला साधक धर्मासाठी मराठी शिकू लागला. सूत्राचे भाषांतर करून देणे सोपे होते. त्यांनी कठीण वाट धरली. देश सोडणाऱ्यांनी देशाचा जो भाग बरोबर नेता येतो तो नेला, आणि तो नेण्याचे कष्ट पिढ्यान्‌पिढ्या सोसले. येथे अक्षर ढळले असेल, तरी त्याचा भार ढळला नाही. नियम सैल करणाराने तो भार अन्यत्र उचलला की टाकून दिला, हे पाहिल्याशिवाय त्याच्यासंबंधी काही बोलू नये.

महाराष्ट्रवासाच्या आज्ञेस जोडूनच कानडी व तेलंग देशांत जाण्याचा निषेध आला आहे. त्याचे कारण परंपरेच्या निरूपणात सांगितले आहे. ते देश विषयबहुल आहेत आणि तेथे तापसांना मान मिळतो. हे दुसरे कारण आज सावकाश वाचण्यासारखे आहे. ज्या भूमीत तपस्व्याचा सत्कार होतो ती भूमी तपस्व्याला घातक, असा तो विचार आहे. आता जो भिक्षू हैदराबादेला कधी गेला नाही, परंतु ज्याच्या आगमनाचे फलक तालुक्याच्या चौकात लागतात, ज्याच्यापुढे ढोल-ताशे वाजतात, हारांचा ढीग पडतो, त्याने आज्ञा पाळली असे कोणत्या तोंडाने म्हणावे? तेलंगणच उठून त्याच्या चौकात आला आहे. या बाबतीत अक्षर पाळणे अगदी सोपे झाले आहे, कारण ते पाळण्यास आता काहीच सोडावे लागत नाही. आणि जो नियम पाळताना काहीच सोडावे लागत नाही तो नियम पाळला जात आहे की केवळ शिल्लक आहे, याची शंका साधकाने घ्यावी.

मातापूर आणि कोल्हापूर या स्थानांविषयीचा निषेधही असाच. ती साभिमान स्थाने म्हणून तेथे जाऊ नये, असे सूत्र आहे. परंतु मातापूर म्हणजे माहूर. पंचकृष्णांपैकी श्रीदत्तात्रेयप्रभूंचे ते स्थान, आणि तेथील देवदेवेश्वरी परमार्गीयांची रीघ पूर्वापार आहे. तेव्हा अक्षराचा अर्थ लावण्याचे काम आज कोणी नव्याने आरंभिले आहे असे नाही. पूर्वजांनी तो लावला आहे आणि लावलेला अर्थ आपण निःशंकपणे जगत आहोत. कोल्हापुरास नोकरीची बदली झालेल्या वासनिकाला मात्र कोणी सूत्र ऐकवू लागतो तेव्हा त्याला माहूरची आठवण द्यावी लागते. (अर्थात त्या वासनिकानेही बदलीच्या निमित्ताने अंबाबाईच्या देवळातली आरती आपल्या धर्मात बसवू नये, निषेध गावाच्या मातीसाठी नव्हता.)

एवढ्यावरून कोणी असे म्हणेल की, मग अक्षराचा आग्रहच नको. हेतू ओळखावा आणि काळाप्रमाणे वागावे. हे म्हणणे सुशिक्षितांना आवडते. परमार्गातही त्याला आधार नाही असे नाही. कोणते वचन कोणाला, कोणत्या प्रसंगी सांगितले याची नोंद करणारा प्रकरणवश हा ग्रंथ परंपरेने मुद्दाम रचला. सूत्र हे प्रसंगातून जन्मले आहे, प्रसंग सोडून ते वाचले तर चुकेल, ही जाण भाष्यकारांना पुरेपूर होती. लीळाचरित्राच्या पोथ्यांत तर एकाच लीळेचे पाठभेद वासना व शोध या नावांनी प्रामाणिकपणे नोंदविलेले आढळतात. खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ ग्रंथ हरपला आणि हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून तो पुन्हा सिद्ध झाला, असे परंपरा सांगते. ज्यांनी अक्षर जपण्यासाठी एवढे कष्ट केले त्यांनीच अक्षराच्या बाबतीत "दुसऱ्याच्या स्मरणात हे असे आहे" असे लिहून ठेवण्याचा नम्रपणा दाखविला. अक्षरनिष्ठा आणि अक्षराचा दुराग्रह या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या समासातल्या नोंदी सांगतात.

तथापि हेतूचा मार्ग दिसतो तितका निर्धोक नाही. सर्वज्ञांनी स्वतः कितीतरी जुने नियम दूर सारले. स्त्रियांचा विटाळ हा देहाचा इतर मळांसारखाच एक स्राव होय, असे समजावून त्यांनी स्मृतींचा एक प्राचीन निर्बंध सहजपणे बाजूस ठेवला. चारही वर्णांत भिक्षा मागण्याची आज्ञा देऊन त्यांनी अन्नशुद्धीची सारी उतरंड मोडली. त्यांनी जुने मोडले म्हणून आम्हीही त्यांचे मोडू, असा युक्तिवाद येथे केला जातो. परंतु ज्ञात्याने हेतू पाहून नियम मोडणे आणि साधकाने हेतूचा अंदाज करून नियम मोडणे यांत मोठे अंतर आहे. आचारप्रकरणातील नियम असन्निधानासाठी आहेत. सन्निधानी जो होता तो शंका आली की विचारू शकत होता. असन्निधानी विचारावयास कोणी नाही. हाती आहे तो शब्द. तो शब्द सोडून देऊन त्याच्यामागचा हेतू आपण ओळखला आहे असे म्हणणे म्हणजे अनुपस्थित वक्त्याच्या वतीने आपणच उत्तर देणे होय. आणि अनुभव असा की, असे उत्तर देणाऱ्याच्या मुखातून वक्ता नेहमी त्याच्या सोयीचेच बोलतो. हेतू शोधून नियम अधिक कडक केला असे उदाहरण विरळा.

अटनाचा नियम घेऊ. रावेर हे भुसावळ-खंडवा लोहमार्गावरील स्थानक. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता यांचे लोहमार्ग जबलपुरापाशी जोडले गेले, तेव्हापासून या मार्गाने उभा हिंदुस्थान जातो-येतो. ऋद्धिपूर, डोमेग्राम, फलटण, जाळीचा देव येथे जाणाऱ्या यात्रेकरूंना आगगाडी, बस, जीप मोकळी आहे. वासनिकांनी वाहनाने जावे यात आश्चर्य नाही. भिक्षूंचे काय? नियम म्हणतो एका ठिकाणी रुजू नये, ओळख वाढू देऊ नये, दूरच्या अनोळखी मुलखात वृक्षातळी आयुष्य वेचावे. हेतुवादी म्हणतो, अटनाचा हेतू निःसंगता. ती मनाची गोष्ट आहे. वाहनाने काय बिघडते? वाहनाने कदाचित फारसे बिघडत नसेल. परंतु एका आश्रमातून निघून, मोटारीत बसून, जेथे खोली झाडून ठेवली आहे अशा दुसऱ्या आश्रमात उतरणारा भिक्षू शंभर कोस गेला तरी त्याचे अटन झालेच नाही. तो ओळखीतून ओळखीत गेला. याउलट पायी निघालेल्या भिक्षूच्या झोळीत जर भ्रमणध्वनी असेल आणि पुढच्या गावच्या शिष्यास दुपारची वर्दी आधीच पोचली असेल, तर पाय दुखले एवढेच. भिक्षा मागितली गेली नाही, ती मागवली गेली. अनोळखीपणा हा त्या नियमाचा प्राण. तो आगगाडीने जितका मोडला नाही तितका या हातातल्या यंत्राने मोडला आहे, आणि त्याविषयी कोणाही आचारग्रंथात निषेध नाही म्हणून कोणाच्या मनास टोचणी नाही. अक्षराच्या रक्षणाला बसलेल्यांचे लक्ष ज्या दारावर होते त्या दाराने चोर आलाच नाही.

जैन श्रमणसंघात हाच प्रश्न फार उघडपणे आला. पादविहाराचा त्यांचा नियम अत्यंत कडक. १९७५ मध्ये आचार्य सुशीलकुमार विमानाने अमेरिकेस गेले तेव्हा समाजात मोठे वादळ उठले. तेरापंथाचे आचार्य तुलसी यांनी १९८० मध्ये निराळी वाट काढली. त्यांनी साधू-साध्वींचा नियम आहे तसा ठेवला आणि समणश्रेणी म्हणून एक मधली पायरी निर्माण केली; तिच्यातील साधकांना वाहनाची मुभा दिली. या दोहोंत कोणते बरोबर हे येथे ठरवावयाचे नाही. परंतु दुसऱ्या वाटेचा एक गुण नजरेत भरतो. तीत नियमाचा अर्थ बदलला नाही. जो नियम पाळत नाही त्याला वेगळे नाव मिळाले, पाळणाऱ्याचे नाव त्याला मिळाले नाही. सवलत घेणारास आपण सवलत घेतली आहे हे रोज आठवत राहते. परमार्गात मात्र बहुधा उलट घडते. सवलत घेतली जाते, आणि हळूहळू सवलत हाच नियम होता अशी समजूत रुजते.

येथे कोणी वृद्ध तपस्विनींकडे बोट दाखवील, आणि ते दाखविलेच पाहिजे. सत्तरीची तपस्विनी, गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू. तिने वैशाखात रावेर ते कनाशी पायी जावे काय? तरुण तपस्विनीने एकटीने झाडाखाली रात्र काढावी, असे आजच्या काळात कोणत्या अधिकरणाने म्हणावे? असे म्हणणारे आढळतात, आणि विशेष हे की, म्हणणाऱ्याचे स्वतःचे गुडघे बहुधा शाबूत असतात. या ठिकाणी आचार्य नागदेवांचे स्मरण हाच आधार आहे. केशवराज व्यास संस्कृतात ग्रंथ रचू लागले तेव्हा आचार्यांनी त्यांस थांबविले. सामान्य जनांस, विशेषतः वृद्ध बायांस, त्या ज्ञानापासून वंचित व्हावे लागेल, एवढेच कारण दिले. केशिराज पंडित होते, संस्कृत त्यांना हात जोडून उभी होती. पंडिताने आपल्या सामर्थ्याचा संकोच करावा, म्हातारीने आपली मर्यादा ओलांडण्याचे कष्ट करू नयेत, असा तो निर्णय होता. भार कोणावर टाकावा याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसऱ्या कोणत्याही मार्गाच्या इतिहासात सहसा सापडणार नाही.

यावरून एक भेद हाती लागतो. अक्षर हे स्वतःला मोजण्यासाठी आहे; हेतू हा दुसऱ्याला समजून घेण्यासाठी आहे. आपल्या बाबतीत साधकाने अक्षर धरावे, ते जेथे पाळता आले नाही तेथे पाळता आले नाही असे म्हणावे. दुसऱ्याच्या बाबतीत, विशेषतः दुबळ्याच्या, प्रकरण पाहावे, वय पाहावे, देह पाहावा. आज व्यवहार याच्या नेमका उलट चालतो. स्वतःस हेतू आणि दुसऱ्यास अक्षर. भिक्षू जीपमधून उतरतो आणि तपस्विनीच्या पायातील चपलेकडे पाहतो. वासनिक आपल्या दुकानातील मापाविषयी हेतू सांगतो आणि सुनेच्या माहेरच्या देवाविषयी अक्षर सांगतो.

आणि स्वतःपुरतेही अक्षर का धरावे, याचे कारण केवळ आज्ञाधारकपणा हे नाही. नियमाचा हेतू तो पाळल्याशिवाय कळतच नाही. जो कधी अनोळखी गावात दारोदार उभा राहिला नाही, ज्याच्यापुढे कवाड कधी बंद झाले नाही, त्याने भिक्षेचा हेतू अहंकारनाश असे सांगितले तरी तो शब्द त्याच्यापाशी पोथीतून आला आहे. चार दिवस पाळून जो मोडेल त्याला निदान काय मोडले ते ठाऊक असेल.

याला कोकणातील एक साक्ष आहे. बेने इस्राएल म्हणून मराठी बोलणारा यहुदी समाज तेथे शतकानुशतके राहिला. धर्मग्रंथ व धर्मगुरू यांच्याशी त्यांचा संबंध फार काळ तुटलेला होता. तेल गाळणे हा त्यांचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद. लोक त्यांना शनवार तेली म्हणत. शनिवार का पाळावयाचा याचे शास्त्र सांगणारा पुष्कळदा कोणी नसे, परंतु घाणा शुक्रवारी सांजवेळी थांबे. पुढे बाहेरच्या यहुद्यांशी गाठ पडून ग्रंथ पुन्हा हाती आले, तेव्हा त्या आचाराला अर्थ जोडता आला, कारण जोडण्यास आचार शिल्लक होता. अर्थ हरवून आचार राहिला तर अर्थ परत येऊ शकतो. आचार टाकून नुसता अर्थ जपला तर परत यावयाला जागा राहत नाही.

परमार्गाचा आपला अनुभव याच्या दुसऱ्या टोकाचा आहे. म्हाताऱ्या बायांसाठी मराठीत ठेवलेले ब्रह्मविद्येचे ग्रंथ पुढे सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बांधले गेले. अक्षर शुद्ध राहावे, अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये, हा उद्देश होता आणि तो कमालीचा सफल झाला, पाठ टिकला. परंतु जिच्यासाठी मराठी राखली ती वृद्धा त्या लिपीबाहेरच राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्यांनी या वाङ्मयाकडे महाराष्ट्राचे लक्ष वेधले, ह. ना. नेने, पुढे १९७८ मध्ये वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्र छापून पुढे आणले. मार्गातील अनेकांना त्या वेळी हे रुचले नाही. लिपी हे रक्षणाचे साधन होते की नियम, याचा निवाडा त्या वेळी शांतपणे व्हावयास हवा होता. तो झाला नाही, काळानेच तो करून टाकला. आज रावेर-सावद्याकडील एखादी वासनिक आजी लीळाचरित्राची छापील प्रत डोळ्यांना चष्मा लावून वाचते. आचार्यांची इच्छा पुरी व्हावयास सुमारे सातशे वर्षे लागली.

आता वासनिकांचा प्रश्न, कारण रावेरच्या पट्ट्यात तो सर्वांत अवघड आहे. उपदेश घेतलेल्या गृहस्थाला अहिंसेचा नेम आहे. मद्य-मांस वर्ज्य, अन्य देवतांचे भजन वर्ज्य, जीवहिंसा वर्ज्य. पहिले दोन्ही नेम खानदेशातील वासनिकांनी निष्ठेने सांभाळले आहेत. तिसऱ्याशी त्याची गाठ घरात पडत नाही, शेतात पडते. येथील जीवन केळीवर उभे आहे. जूनमधील मृगबाग, पावसाळा सरताना लावलेली कांदेबाग, ठिबकाच्या नळ्या, ऊतीसंवर्धनाची रोपे, दिल्लीकडे जाणाऱ्या मालगाड्या, आणि बऱ्हाणपूरचा भाव काय फुटला याची रोजची चौकशी. या पिकावर करपा येतो, त्यावर बुरशीनाशक मारावे लागते. तेथवर गृहस्थाचे मन फारसे दुखत नाही. पण २०२० नंतरच्या काही पावसाळ्यांत कुकुंबर मोझॅक विषाणूने, ज्याला या भागात हरण्या रोग म्हणतात, तालुक्यातील बागांना गाठले. पाने पिवळी पट्टेदार होतात, पोगा कुजतो, आणि एकदा झाड धरले की त्याला औषध नाही. रोगट झाड उपटून बागेबाहेर नष्ट करणे आणि विषाणू वाहून आणणाऱ्या माव्याला मारणे, एवढाच उपाय. म्हणजे विषयच जीव मारण्याचा. अहिंसेचा नेम घेतलेल्या हातांनी पाठीवर फवाऱ्याचा पंप घ्यावयाचा.

अक्षर धरून चालणारा म्हणेल, शेती सोडा. काहींनी ती खंडाने किंवा बटाईने देऊन टाकली आणि आपले हात निर्मळ मानले. परंतु फवारणी थांबली नाही. ती मजुराच्या पाठीवर गेली. ज्याने जमीन ठेवली, उत्पन्न घेतले आणि पंप दुसऱ्याच्या खांद्यावर दिला, त्याने हिंसा टाळली नाही, हिंसेचे दर्शन तेवढे टाळले. तोच नियम त्याने अक्षराने पाळला म्हणून मिरवावे यापरते दुसरे विपरीत नाही. हेतुवादी याच्या उलट म्हणेल की, अहिंसा म्हणजे द्वेष नसणे. शेतकऱ्याच्या मनात माव्याविषयी द्वेष कोठे आहे? उपजीविकेतील हिंसा ही हिंसाच नव्हे. हे ऐकून शेतकरी निश्चिंत होतो, आणि निश्चिंत झालेला शेतकरी दुकानदाराने दिलेल्या तक्त्याप्रमाणे दर आठवड्यास फवारतो. बागेत मावा असो वा नसो.

तिसरा एक मार्ग आहे, तो दिसावयास गौण आहे. नेम आहे तसाच राहू द्यावा. जीव मारू नये, हे वाक्य सैल न करता मनात ठेवून जो बागेत उतरतो त्याला पंप उचलण्यापूर्वी पान उलटून पाहावे लागते. मावा आहे काय? असला तर किती? तो केळीवर आहे की बांधावरच्या तणावर? हा विषाणू काकडी-टोमॅटोसारख्या पिकांतून आणि बांधावरच्या तणांतून केळीत येतो. म्हणून बागेत वा शेजारी ती पिके घेऊ नयेत, बांध स्वच्छ ठेवावा, रोगट झाड दिसताच काढावे, असे कृषितज्ज्ञही सांगतात. हे ज्याने वेळच्या वेळी केले त्याच्या फवारण्या कमी होतात. संपत नाहीत. ज्या दिवशी फवारावे लागले त्या दिवशी सायंकाळच्या स्मरणात अनुताप असतो. तो अनुताप पुढच्या वेळी पुन्हा पान उलटावयास लावतो. हेतूच्या युक्तिवादाने ज्याचा अनुताप पुसला गेला त्याचे पान उलटणे थांबले. नियम पूर्णपणे पाळता येत नाही म्हणून तो निरुपयोगी झाला, असे मानणारांनी या एका कृतीचा विचार करावा. अशक्य वाटणाऱ्या वाक्यानेच त्या माणसाला खाली वाकून पाहावयास शिकविले.

यात त्याला तोटा येऊ शकतो. तक्त्याप्रमाणे फवारणाऱ्या शेजाऱ्याची बाग वाचली आणि याची गेली, असेही घडेल. विषाणू नेमधारकाला वगळत नाही. कर्ज सोसायटीचे असते, मुलीचे लग्न ठरलेले असते. तेव्हा घरातील माणसेच विचारतात की, एवढा नेम कशाला? आणि त्याच सुमारास झोळी घेऊन एखादा भिक्षू दारात येतो. दंडवत झाल्यावर गृहस्थ विचारतो, "बाबा, उद्या फवारू की नको?"

याला पोथीतून उत्तर देणे सोपे आहे. फवारू नकोस, असे म्हटले तर अक्षर राहते आणि बाग त्याची जाते, बाबांची नाही. खुशाल फवार, असे म्हटले तर हेतू राहतो आणि बाबांना भिक्षा लौकर मिळते. भिक्षूस शेतीतले काही कळत नसेल. बहुतेकांना कळत नाही. पण पायी चालण्याचा नेम ज्याने खरोखर केला आहे त्याला बांधापर्यंतचे अंतर जड वाटू नये. त्याने झोळी ओसरीवर ठेवावी, गृहस्थाबरोबर बागेत जावे, आणि तो पान उलटीत असता जवळ उभे राहून पाहावे.